मागे घेतलेला नवस

जाफराबादहून जालन्याला येणाऱ्या जीपमध्ये परवा माझ्या शेजारी एक बाई बसली होती. बसली म्हणजे अर्धी सीटवर आणि अर्धी माझ्या मांडीवर. त्या जीपमध्ये माणसं बसवत नाहीत, भरतात. तिनं समोरच्या दांड्याला धरलं होतं आणि माझं लक्ष तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं गेलं. बाकी सगळी नखं कापलेली, अंगठ्याचं तेवढं चांगलं वाढवलेलं, कडेला हिरवट काळं. मला राहवलं नाही.

"क्रॉसिंग सुरू झालं का वो?" मी विचारलं.

बाई चमकली. मग हसली. "झालं की. पोळा झाला अन् लागलो. तुम्हाला कसं कळलं?"

मी माझा अंगठा पुढं केला. आता त्याचं नख वाढवलेलं नाही, पण नखाशेजारची कातडी कायमची जाड होऊन बसलीय. तिनं ती बोटानं चाचपून बघितली आणि एकदम ओळखीची झाली. पुढचा सगळा रस्ता आम्ही पावसाबद्दल, मजुरीच्या बायांबद्दल आणि तिच्या सुनेबद्दल बोललो. सुनेबद्दल जरा जास्तच. मी हो-हो म्हणत होते, पण मी केव्हाच मागं गेले होते. हसनाबादच्या पुढं आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठचं काळं रान, आणि त्या रानातला कितीतरी वर्षांपूर्वीचा एक भाद्रपद.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. कपाशीचं संकरित बी असंच झाडावर येत नाही, ते हातानं करावं लागतं. रानात मादी झाडांच्या ओळी वेगळ्या आणि नर झाडांच्या वेगळ्या. उद्या उमलणार अशी मादीची कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याचं नख लावून तिच्या पाकळ्या आणि आतला सगळा केसर गोल सोलून काढायचा, मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की नराची फुलं तोडून आणायची, टोपी काढून त्या काडीवर फूल फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा दिसला म्हणजे ह्या फुलाचं काम झालं. असं एकेका फुलाला, रोज, दोन महिने. म्हातारीकोतारीसुद्धा घरी राहत नाहीत. लग्नं, बारशी, भांडणं सगळं पुढं ढकललं जातं. आमच्याकडं कुणी रुसून माहेरी जायचं म्हणाली तर सासू सांगायची, "क्रॉसिंग उरकू दे, मंग रूस."

कपाशीचं फूल एका दिवसाचं. सकाळी फिकट पिवळं उमलतं, दिवस कलायला लागला की गुलाबी होतं, दुसऱ्या दिवशी लाल होऊन मिटतं आणि मग गळतं. बी-प्लॉटात त्याला तो एक दिवसही धड मिळत नाही. लोक फुलाकडं बघून आयुष्याचं तत्त्वज्ञान सांगू लागले की मला थोडा राग येतो, कारण त्यांनी बहुधा फुलं देवाला वाहिलेली असतात, पोत्यानं तोडलेली नसतात. मी तोडलीत. मला त्यात कधी काही शहाणपण दिसलं नाही, पाठ मात्र दुखली. जे काही शहाणपण मला मिळालं ते बांधावर बसलेल्या एका बाईकडून मिळालं, आणि तेही मी भांडून भांडून घेतलं.

ती बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणायचे. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत, 'धाकटे' म्हणायच्या. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. माझी आई शिक्षिका, आम्ही जालन्यात पोळ्या खाऊन वाढलेलो. पहिल्या दिवशी माझी भाकरी तव्यावर टाकताना हातातच फाटली. सासूबाई बघायच्या आत अक्कांनी ती उचलली, चुलीच्या मागं बसलेल्या मांजरीपुढं टाकली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आई, मांजरानं एक भाकर नेली बघा." तेव्हापासून मी त्यांची झाले. जावा-जावांचं जमत नाही असं सगळे म्हणतात. आमचं इतकं जमलं की सासूबाईंना त्याचीच काळजी वाटायची.

अक्का महानुभाव घरातल्या. माहेर जाळीच्या देवाच्या बाजूला. त्यांच्यात माणूस भेटलं की 'दंडवत' म्हणायचं, सकाळ-संध्याकाळ देवाचं स्मरण करायचं, मांस-दारू नाही, नवस-उपास नाही आणि बाकीच्या देवांच्या भानगडीत पडायचं नाही. आमचं घर नेमकं उलटं. राजूरचा गणपती आमचा, खंडोबा आमचा, बांधावरचा शेंदूर लावलेला दगडसुद्धा आमचा. भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा पुरणाचा सगळा स्वयंपाक अक्का करायच्या. साडी नेसवताना मुखवटे धरून उभ्या राहायच्या. आरतीला मात्र मागं, खांबाजवळ, हात जोडून, डोळे मिटून स्वतःच्या देवाची आठवण करत. मी चिडवायची, "अक्का, आमच्या लक्ष्म्यांना राग येईल बरं का. तुम्ही दुसऱ्याचंच नाव घेऊन राह्यल्या."

"पुरण माझ्या हातचं खाऊन राह्यल्या ना? मंग कशाचा राग," त्या म्हणायच्या.

त्या वर्षी श्रावणातच काहीतरी बिनसलं होतं. ओढ्यावरून घागर आणताना अक्का मधेच थांबायच्या. मग पायऱ्या चढताना थांबायला लागल्या. मग एक दिवस नुसत्या बोलताना थांबल्या आणि वाक्य पुरं करायला त्यांना दम घ्यावा लागला. पाय सुजले. माझे थोरले दीर, भाऊजी, आणि मी त्यांना औरंगाबादला घेऊन गेलो. डॉक्टर बिचारा भला माणूस होता. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, म्हणून त्यानं विचारलं. आला होता. त्या तापानं तेव्हाच हृदयाची झडप खाल्ली होती. आता हृदय फुगलं होतं आणि ऑपरेशन झेपण्याची वेळ निघून गेली होती. गोळ्या देतो, आराम द्या, मीठ कमी करा, असं तो म्हणाला. भाऊजी भिंतीकडं बघत राहिले. अक्कांनीच विचारलं, "सायेब, कपाशी फुटायची हाये आमची. तवर राहीन का?"

उत्तर डॉक्टरच्या चेहऱ्यानं दिलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. अक्का माझ्या शेजारी बसून सिल्लोडला घेतलेले पेरू पुसत होत्या. एक पेरू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "खा. रडताना भूक लागती." मला त्यांचा इतका राग आला! त्यांची मुलगी रंजू तेव्हा नुकती पहिलीत गेली होती. आईशिवाय ती जेवत नव्हती, झोपत नव्हती. आणि ही बाई पेरू पुसून राह्यली होती.

पोळा झाला आणि क्रॉसिंग लागलं. अक्कांना घरी ठेवायचं ठरलं होतं, पण घरी एकट्या भिंती बघत बसायला त्या तयार नव्हत्या. शेवटी त्यांना बैलगाडीत बसवून रानात आणायचो आणि बांधावरच्या लिंबाखाली पोतं अंथरून बसवायचो. त्यांच्याकडं बसल्या जागचं काम होतं. दोऱ्याची रिळं फळीवर गुंडाळून बोटभर लांबीचे तुकडे कापायचे, आणि आम्ही आणून टाकलेल्या नर फुलांच्या पाकळ्या मागं मुडपून त्यांचा केसर उघडा करायचा. दिवस चांगले होते. सकाळी दव सुकेपर्यंत बाया गप्पा मारत बसायच्या. मग ऊन आलं की रानभर पसरायच्या. मादीच्या ओळींवर लाल कागद आणि पलीकडं नराच्या ओळी पिवळ्या धम्मक. सकाळी पाऊस आला तर केसर भिजून सगळं मुसळ केरात. तेव्हा सगळ्याजणी आभाळाकडं बघून शिव्या द्यायच्या. अक्का द्यायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "अगं त्याला काय ठावं, आपलं क्रॉसिंग चालू हाये म्हणून."

मी मात्र त्या वर्षी आभाळाशी फार गोड बोलत होते. माझं काम अडलेलं होतं. औरंगाबादहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी राजूरच्या दिशेनं तोंड करून नवस बोलले होते. अक्कांना बरं वाटेपर्यंत पायात काही घालणार नाही, आणि त्या बऱ्या झाल्या की राजूरला लोटांगण घालत येईन. आमच्याकडं हे नवीन नाही. कुणी गोड सोडतं, कुणी केस वाढवतं, कुणी अनवाणी राहतं. आपण देवापुढं काहीतरी तारण ठेवायचं आणि त्यानं आपलं काम करायचं. मी चपला दाराच्या मागं उभ्या करून ठेवल्या आणि भाद्रपदातल्या चिखलात, बाभळीच्या काट्यांवरून तशीच हिंडू लागले. पायाला चिरा पडल्या. प्रत्येक काट्याला मला बरं वाटायचं. वाटायचं, एवढं तर देवाला दिसतच असेल.

देवाच्या आधी अक्कांना दिसलं.

"धाकटे, चपला कुठं हायेत तुझ्या?"

"तुटल्या."

"खोटं बोलायला लागली का? दाराआड हायेत त्या. मी कालच पाह्यल्या."

मी सांगून टाकलं. मला वाटलं त्या डोळे पुसतील, मला जवळ घेतील. अक्कांनी हातातली फळी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर चिडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"अन् मला बरं न्हाईच वाटलं तर?"

"वाटणार. का नाही वाटणार?"

"न्हाई वाटलं तर, म्हणते मी. जलमभर अनवाणी फिरशील?"

"फिरेन."

"फिरशील. तेवढी जिद्दी हायेस तू. अन् दर काट्याला देवाला शिव्या देशील. एवढं केलं तरी त्यानं माझं ऐकलं न्हाई म्हणशील." त्या दम घ्यायला थांबल्या. थोडं दूर रंजू चिखलाचे बैल करत बसली होती. तिच्याकडं बघून अक्कांनी आवाज उतरवला. "मी गेल्यावर ही पोर तुझाच पदर धरून चालणार हाये. तिला काय सांगशील? देवानं तुझ्या आईला फसवलं, असं सांगशील?"

मी तेच सांगितलं असतं.

"माझ्याजवळ तिला द्यायला दुसरं काही न्हाई, धाकटे. तिच्या मनात देवाबद्दल अढी बसू नये, एवढंच मला पाह्यजे. बाकी तू सांभाळशीलच, बराबर सांभाळशील, मला माहीत हाये. पण तू सौदा करून बसलीस. सौदा फिसकटला की माणूस दुकानाची पायरी चढत न्हाई. जा, तुझ्या गणपतीला सांगून ये, नवस मागं घेतला म्हणून."

नवस मागं घेतात का कधी? मी ऐकलं नव्हतं. फेडतात, चुकवतात, विसरतात, पण असा तोंडावर जाऊन मागं घेत नाहीत. मी म्हणाले, "देव कोपेल." अक्का म्हणाल्या, "मंग मी येते संगं. कोपला तर मला दाखव."

आणि त्या खरंच आल्या. रानात एवढं काम असताना आम्ही दोघी जावा जीपमध्ये बसून राजूरला गेलो, हे आठवलं की अजून हसू येतं. सासूबाईंना वाटलं, थोरली शेवटी वळणावर आली. टेकडीच्या पायथ्याशी अक्का एका नारळवाल्याच्या पडवीत बसल्या. चढणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि शक्य असतं तरी त्या चढल्या नसत्या. "तुझ्या देवाचं अन् माझं भांडण न्हाई," त्या म्हणाल्या, "पण कामाबिगर दुसऱ्याच्या दारात कशाला जावं. तू जाऊन ये."

मी वर गेले. गर्दी नव्हती. मूर्तीपुढं उभी राहिले. नवस मागं घ्यायचा म्हणजे अक्का वाचाव्यात ही अटच सोडायची. माझ्या मुठीत तेवढं एकच होतं, आणि तीच मूठ उघडायला सांगितलं होतं. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पुजारी दोनदा माझ्याकडं बघून गेला. शेवटी मी म्हणाले, "बाप्पा, माझी अट नाही. अक्का तुझ्या. मला त्या पाहिजेत, पण माझी अट नाही." एवढंच बोलले आणि तिथंच भिंतीला टेकून पोटभर रडले. रडून झाल्यावर हलकं वाटलं असं पुस्तकात लिहितात. मला हलकं वाटलं नाही, मला भीती वाटली. आता ह्या बाईला धरून ठेवायला माझ्याकडं काहीच उरलं नाही, असं वाटलं.

खाली आले तर अक्का नारळवाल्याच्या बायकोला कसली तरी भाजी कशी करायची ते सांगत होत्या.

"सांगितलं?"

"हो."

"मंग काय म्हणला?"

"काही नाही म्हणाला."

"बघ, बिलकुल कोपला न्हाई. चांगला हाये तुझा गणपती." असं म्हणून त्यांनी शेजारची कापडी पिशवी उघडली आणि माझ्या चपला काढल्या. घरून लपवून आणल्या होत्या. मी नको नको म्हणेपर्यंत त्या वाकल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांनी त्या माझ्या पायापुढं ठेवल्या. थोरल्या जावेनं धाकटीच्या चपलांना हात लावायचा, म्हणजे आमच्याकडं काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. नारळवाली आ वासून बघत राहिली. माझे भेगाळलेले पाय चपलांत जाईनात, तेव्हा त्यांनी पदरानं पायाची माती पुसली.

मग आम्ही जीपची वाट बघत बसलो. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की. दम कोंडतो तवा लई वाटती." त्या सहज बोलत होत्या. "पण एक इचार कर. आजवर मी सुखानं खाल्लं, प्यालं. रंजू झाली. तू भेटली. हे काय मी नवस बोलून मिळवलं व्हतं? त्यानं आपल्या मनानं दिलं. आता आयुष्य आखूड निघालं, तर निघालं. आयुष्य आखूड निघालं म्हणून त्याची माया आखूड झाली का? माया त्याची हाये, माझ्या आयुष्यावर मोजलेली न्हाई. मला तिकडं पुरंल, तुम्हाला हिकडं पुरंल."

मला हे पटलं का? तेव्हा नाही पटलं. मला अक्का हव्या होत्या. देवाची माया घेऊन मी काय करणार होते! पण चपला घालून मी घरी आले, आणि एवढं मात्र खरं की त्या दिवसापासून काटा टोचला तर तो नुसता काटा असायचा. मी देवाकडं हिशेब मांडायचं थांबवलं होतं. उरलेले दिवस मी त्यांना नुसतं बघून घेतलं. दोरे कापताना त्या जीभ किंचित बाहेर काढायच्या. हसू आलं की आधी नाक आक्रसायचं. रंजूला मांडीवर घेऊन त्या संध्याकाळी स्मरण करायच्या तेव्हा रंजू आधी हात जोडून काहीतरी पुटपुटायची, मग त्यांच्या बांगड्यांशी खेळत बसायची आणि त्या एका हातानं तिला थोपटत राहायच्या. नवसाच्या भानगडीत असते तर ह्यातलं मला काहीच दिसलं नसतं, माझं सगळं लक्ष माझ्या पायांकडं असतं.

पितृपक्ष संपत आला आणि त्यांचं रानात येणं बंद झालं. मग उठणं बंद झालं. त्या सकाळी मी त्यांच्या पाठीशी उशा लावून त्यांना टेकवून बसवलं होतं. बाहेर लख्ख उजाडलं होतं, रात्रीचा पाऊस निवळला होता. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "ऊन पडलं का?"

"पडलं."

"मंग जा जल्दी. फुलं वाया जातील."

मी गेले नाही. त्यांचा हात धरून बसले. त्या देवाचं नाव घेत होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ओठ थांबले. भाऊजी, आमचे हे, सासूबाई सगळे तिथंच होते, आणि कुणालाच बराच वेळ कळलं नाही, इतक्या त्या शांत गेल्या.

आता ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. दोन हजार साल उलटलं तेव्हा लोकांनी केवढा गाजावाजा केला होता, तेही आता जुनं झालं. आमचे हे एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात लागले आणि आम्ही जालन्याला आलो. रंजू आमच्याकडंच वाढली, शिकली, नर्स झाली. तिचं लग्न होऊन तिला मुलगा आहे. तो मला आजी म्हणतो, आणि ह्यावर भाऊजींसकट कुणाचीच हरकत नाही. मी आज अक्कांपेक्षा वयानं कितीतरी मोठी आहे. त्यांना केस पिकलेले माहीतच नव्हते, माझे सगळे पिकले. कधी वाटतं, पुढं कुठं भेट झालीच तर त्या माझ्यासमोर लेकीच्या वयाच्या दिसतील. तरी हाक 'धाकटे' अशीच मारतील.

ह्या वयात माणसाला आयुष्य आखूड असल्याचं कुणी सांगावं लागत नाही. ओळखीच्या घरून निरोप येतात, गुडघे सांगतात, आरसा सांगतो. आमच्या गल्लीतल्या बाया ह्यावर फार बोलतात आणि मग उसासे टाकतात. मीही टाकायची. पण हल्ली सकाळी चहा व्हायच्या आधी मी दारात बसते. माझा गणपती आहेच, अक्कांचा देवही आहे, मी त्यांची सरमिसळ केलेली आहे आणि दोघांनी अजून तक्रार केलेली नाही. तिथं बसून मी काही मागत नाही. रस्त्यावरून गिरणीचे कामगार सायकलींवरून जात असतात, दूधवाला घंटी मारतो. मला वाटतं, माझ्या आधीही हा माझ्यावर माया करत होता आणि माझ्या नंतरही ह्याची माया अशीच चालू राहणार आहे. मधला हा तुकडा माझा. तो मिळाला, हेच केवढं. असं वाटलं की भीती जात नाही, पण ती गप्प बसते. भीती गप्प बसली की माणसाला चहा गोड लागतो.

हे मला एकदम आलं नाही. अक्का गेल्या तेव्हा तर मी देवाशी बोलणंच सोडलं होतं. भांडण नव्हतं, अटही नव्हती, पण बोलण्यासारखं काही नव्हतं. कार्य उरकलं, पाहुणे गेले, रानातलं राहिलेलं क्रॉसिंग आम्ही कसंबसं पुरं केलं. देवघरात दिवा सासूबाई लावायच्या, मी तिकडं फिरकत नव्हते. रंजू कुणापुढं रडली नाही, त्याची मला फार धास्ती वाटत होती. ती माझ्या मागं मागं हिंडायची, एवढंच.

आणि मग ती संध्याकाळ आली. मी स्वयंपाकघरात काठवटीत भाकरीचं पीठ मळत होते. रंजू आपण होऊन देवघरापुढं जाऊन बसली. आई बसायची तशी मांडी घालून तिनं हात जोडले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं उघडले.

"काकू, मी आता काय मागू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. औरंगाबादहून आल्यापासून ही पोर रोज संध्याकाळी एकच मागणं मागत होती. माझ्या आईला बरं कर. आता ते मागायचं उरलं नव्हतं, आणि हात जोडल्यावर दुसरं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. काही मागू नकोस, तो ऐकत नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी आलं होतं. मी रंजूच्या तोंडाकडं बघितलं. मी सांगेन ते ही पोर खरं मानणार होती आणि जन्मभर खरं मानणार होती.

"आज काही मागू नको," मी म्हणाले. "आज देवाला नुसतं आईचं सांग."

"काय सांगू?"

"त्यानं तुला दिलेली आई कशी होती, ते सांग. तुला काय काय आठवतं ते."

तिनं विचार केला. मग पुन्हा डोळे मिटले.

"देवा, माझी आई वेणी घालताना लई ओढायची," ती म्हणाली. "मंग डोक्याची पापी घ्यायची. भाकरी करताना माझी पहिली करायची, छोटी. मी चिखलाचा बैल केला तर खराच हाये म्हणायची." तिनं आवाज उतरवला. "अन् देवा, तिला शिट्टी वाजवता यायची. ओढ्यावर कुणी नसलं की वाजवायची. कुणाला सांगू नको म्हणली व्हती, पण तुला सांगते."

इतकी वर्षं एका चुलीपुढं बसून मला हे माहीत नव्हतं. अक्का! आणि शिट्टी! मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी अशी रडायला लागले की काठवट बाजूला सारावी लागली. माझं रडणं बघून रंजूही रडली, पहिल्यांदा, मोठ्यानं, आईच्या नावानं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, थोडी सरकली, मला देवापुढं जागा करून दिली आणि म्हणाली, "आता तू सांग, काकू."

मी पिठाचे हात तसेच जोडले. "देवा," मी म्हणाले, "पहिल्या दिवशी माझी भाकरी फाटली, तेव्हा तिनं मांजरावर आळ घेतला." रंजू खुदकन हसली. "खरंच?" "खरंच." मग मी पुढचं सांगितलं, मग रंजूनं सांगितलं, मग मी. मागायला त्या संध्याकाळी आमच्याकडं काही उरलंच नव्हतं, आणि सांगायला इतकं निघालं की सासूबाई दोनदा दारात येऊन परत गेल्या आणि शेवटी भाकरी त्यांनीच टाकल्या.